जोडीदाराची सद्यस्थिती

चहावरची साय कपाच्या कडेला जाऊन चिकटली होती – बोटाने काढावी तर बोट पुसायचं कुठे, तशीच प्यावी तर ओठाला लागणार... समोर काचेचं टेबल, त्यावर एक डाग नाही, भिंतीवर बर्फाचे डोंगर आणि निळंशार तळं, आणि या सगळ्या थाटात खालच्या टपरीवरून आलेला हा कान तुटलेला कप. सुकन्याने करंगळीने साय उचलली आणि बशीत ठेवून दिली. झालं. एवढ्याशा गोष्टीचा किती विचार करायचा माणसाने. समोरचे राधाकृष्ण सर – परदेशी जायचे अर्ज भरून द्यायचा त्यांचा धंदा, पण सावेडीत त्यांना सगळे सरच म्हणत, शिकवत काही नसले तरी – लॅपटॉप तिच्याकडे वळवत होते, आणि अतिशय मऊ आवाजात, लहान मुलाला सुई टोचण्याआधी वॉर्डात आम्ही काढतो तसल्या आवाजात, सांगत होते की मॅडम, एकाच ठिकाणी अडलंय, बाकी तुमचा अर्ज म्हणजे सोनं आहे.

ते एक ठिकाण म्हणजे माझा नवरा.

सोनं तर होतंच, त्यात सरांनी काही पदरचं सांगितलं नव्हतं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात आयसीयूतली इतक्या वर्षांची नोकरी, इंग्रजीच्या परीक्षेत असे गुण की सरांनी तिचा फोटो जिन्यात लावला होता, तिला न विचारता, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून. कॅनडाला नर्स हव्या होत्या आणि सुकन्या नर्स होती; यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. तिथे कायमचं राहण्याचा परवाना, सगळे ज्याला पीआर म्हणतात तो, तिने मागितला होता तो भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी इतक्या सहज, आणि मिळणार याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त अर्जात एक पान नवऱ्याचं होतं. जोडीदाराचं नाव. जोडीदार सध्या कोणत्या देशात आहे. त्या देशात त्याची सद्यस्थिती काय – नागरिक, विद्यार्थी, कामगार, पाहुणा – आणि ती कोणत्या तारखेपर्यंत.

वैजनाथ कॅनडातच होता. कशावर होता, तर कशावरच नव्हता. शिकायला म्हणून गेला, शिक्षण झालं, मग कामाचं परमिट मिळालं, ते गेल्या वर्षी संपलं, आणि तो तिथेच राहिला.

सर परवा फोनवर म्हणाले होते तेच पुन्हा म्हणत होते, एवढं कशाला ताणायचं, पती भारतात, असं लिहू. गावाकडून तो तिथेच राहतो असा एक दाखला आणा, तो जोडू. तेही नको असेल तर विभक्त लिहू. एक शब्द आहे, मॅडम, कोण बघायला येतंय तुमच्या वाडीवर.

‘तो त्यांच्या देशात गेल्याची नोंद त्यांच्याकडेच असणार ना सर? शिक्का त्यांनीच मारलाय.’

सर हसले. खाती वेगवेगळी असतात, म्हणाले, या हाताचं त्या हाताला कळत नाही, आमचा अनुभव आहे. आणि खरं लिहाल तर जिचा नवराच असा बसलाय त्या बाईला ते कशाला घेतील, हेही त्यांनी तितक्याच मऊपणे विचारलं.

अनुभव असेल. सुकन्याने मात्र त्यांच्या सरकारचे नियम स्वतः वाचले होते, ड्युटीच्या मधल्या वेळात, मोबाईलवर, कळेना तो शब्द शोधत शोधत. खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद. आणि नवरा जर आज लपवला, तर उद्या तोच नवरा म्हणून बोलावता येत नाही – हे वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. म्हणजे आज मी त्याला नाही म्हटलं की तो तिथल्या कागदावर माझा कुणीच राहत नाही, कायमचा. तिला खरं तर हे आवडलं होतं. सरकार असावं तर असं, खरं बोललीस तर निभाव लागेल, असं सांगणारं. खरं लिहिलं तर काय होईल, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. अर्ज नाकारतील, किंवा नाकारणार नाहीत. वैजनाथच्या दारात कुणी येईल, किंवा येणार नाही.

आयसीयूत पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवायचा असतो, खाटेशेजारी उभं राहून, आणि त्या वेळी सगळं सांगायचं असतं – औषध द्यायला उशीर झाला तर तेही, नळी निसटली होती तर तेही. नवीन पोरी लपवतात. त्यांना वाटतं आपली चूक दिसेल. सुकन्या त्यांना बाजूला घेऊन सांगायची, बाई गं, तुझं काय ते नंतर बघू, तो पडलाय त्याचं खरं काय ते पुढचीला कळायला नको का... आणि इथे मी वैजनाथला सोपवणार ते असं, ‘पती भारतात’ म्हणून?

तिला वैजनाथचा राग यायचा तो परमिट संपल्याचा नाही, ते कसं संपलं त्याचा. वैजनाथ वाढला साखर कारखान्याच्या तळावर, ऊस तोडणाऱ्या आईबापांच्या पाठीमागे. तीही तसलीच, जामखेडकडच्या टोळीतली, फक्त तिला एका मावशीने वसतिगृहात घातलं म्हणून सुटली. तळावर सगळं मुकादमाच्या हातात असतं – कुणाची आधार कार्डं, कुणाचे खाडे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं की लिंबू-मीठ द्यायचं हेसुद्धा. कागद एकदा त्याच्या हवाली केला की आपण मोकळे. विचारायचं नसतं. विचारलं तर विश्वास नाही असं होतं, आणि विश्वास नाही म्हटल्यावर पुढच्या हंगामाला तो माणूस तुम्हाला नेत नाही. कॅनडात वैजनाथ काचघरात टोमॅटो तोडायचा. डिप्लोमा करून, इतकं इंग्रजी शिकून, पुन्हा तोडणीच, असं तो फोनवर हसून सांगायचा आणि सुकन्याही हसायची. पहाटे व्हॅनमधून सगळ्यांना नेणारा जो माणूस होता त्याला तो मुकादमच म्हणायचा. त्या मुकादमाने सांगितलं, तुझं पुढचं परमिट मी करून देतो, आण कागद. याने दिले. आणि मग विचारलंच नाही! तारीख उलटून गेली, तरी हा आपला टोमॅटो तोडतोय. दुसरा कुणी असता, एखाद्या गुरुजींचा पोरगा, तर त्याने रोज जाऊन त्या माणसाचं डोकं खाल्लं असतं, एकदा तरी स्वतः संगणकावर बघितलं असतं. ही चूक आमच्याच माणसांनी करावी. शहाणा होता, मेहनती होता, नियत साफ होती, आणि कागद मुकादमाला देऊन निवांत झोपला.

‘तुमच्या ईमेलवर काही येणार नाही,’ सर सांगत होते, ‘सगळं इकडेच येतं. खातं आमच्याकडे, पासवर्ड आमच्याकडे. तुम्ही निश्चिंत राहा.’

निश्चिंत.

सुकन्याने कप खाली ठेवला. तिला हसूच आलं, मोठ्याने नाही, आतल्या आत, पोटातून. वैजनाथला वर्षभर शिव्या घालणारी बाई, आयसीयूतली इन्चार्ज सिस्टर, इंग्रजीतले नियम कोळून प्यायलेली – हिचा पासवर्ड कुणाकडे? तर सरांकडे. महिनोन् महिने. एकदा मागितला होता का? कशाला मागू, सर चांगले आहेत, चहा पाजतात... टोळी सुटली पण हाड तळावरचंच राहिलं गं बाई तुझं.

‘सर, पासवर्ड द्या. अर्ज मी भरते.’

सरांचा चेहरा उतरला, आणि तो खरोखरच उतरला, नाटक नव्हतं. मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा, त्यांनी विचारलं.

‘नाही,’ सुकन्या म्हणाली, आणि मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून, ‘स्वतःवर जास्त आहे.’

त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला. तिने तिथेच बसून मोबाईलवर खातं उघडून बघितलं, पासवर्ड बदलला, आणि जिन्यातून उतरताना स्वतःचा फोटो भिंतीवरून काढून पर्समध्ये टाकला. फोटोत ती जरा जाडच दिसत होती.

तारकपूरच्या स्टँडवर पाटीवर नगरचं नवीन नाव आलं होतं, अहिल्यानगर, रंग अजून ताजा, आणि पाटीखाली उभा असलेला कंडक्टर ओरडत होता, पाथर्डी पाथर्डी. तिला खिडकी मिळाली. साप्ताहिक सुट्टी होती. खरं म्हणजे आज झोपायचं होतं, कपडे धुवायचे होते, पण अर्ज पाठवण्याआधी एका माणसाला सांगायला पाहिजे होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सासूला. वाडीवर झुंबरबाईला एवढंच माहीत होतं की वैजू कॅनडात कायम झाला.

हे कायम प्रकरण काकासाहेबाचं. काकासाहेब म्हणजे चुलत दीर, ग्रामपंचायतीत सदस्य, उत्साह भारी. वैजनाथला कामाचं परमिट मिळालं तेव्हा याने वाडीच्या फाट्यावर हा भला मोठा फ्लेक्स लावला – वैजनाथचा गॉगल घातलेला फोटो, मागे धबधबा, वर ‘कॅनडा येथे कायम झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो वैजनाथपेक्षा मोठे. वैजनाथने सांगायला हवं होतं की कायम नाही, अजून तीन वर्षांचंच आहे. नाही सांगितलं. फोनवर म्हणाला, जाऊ दे गं, आई पेढे वाटतीय. आणि मग परमिट संपलं ते एकट्या सुकन्यालाच माहीत होतं. फाट्यावर तो कायमच होता, चार पावसाळ्यांत गॉगलचा रंग उडाला तरी.

करंजीचा घाट चढताना गाडी हळू झाली. ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांना आता रोज जागा द्यावी लागणार, हंगाम लागला. ती खिडकीला डोकं लावून वैजनाथचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होती – फोनमधला नाही, खोलीतला. लग्नानंतर सावेडीच्या त्या एका खोलीत ती रात्रपाळीहून यायची तेव्हा बादलीत पाणी गरम असायचं, हा काही बोलायचा नाही, ती अंघोळ करून झोपेपर्यंत एक शब्द नाही, भांडं वाजू द्यायचा नाही. असा शांत माणूस. चांगला माणूस. तो आवाज आठवत नव्हता कारण तो बोलतच नव्हता, असंही असेल... पण मग हसायचा कसा? हसायचा तर होता. नंतर तो गेला, आणि फोनवर बोलताना कधीतरी ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली, आणि खोली तिची एकटीची झाली. कुकरची एक शिट्टी, एका माणसाचा भात. रविवारी दुपारी पंखा पाचावर लावून आडवं पडायचं, कुणी हलवायचं नाही. सवय होते माणसाला. त्याची आठवण यायची, नाही असं नाही, यायचीच. गाडी घाट उतरू लागली आणि तिचा डोळा लागला.

तिसगावला उतरून ती रिक्षाने फाट्यापर्यंत आली तर काकासाहेब मोटारसायकलवर टेकून वाटच बघत होता. हातात प्लास्टिकचं पाकीट.

‘वहिनी, दाखला तयार हाय. वैजूदादाचा रात्रीच फोन आलता, तुमी आज येनार म्हनला. त्यो हितंच ऱ्हातो, शेती करतो, म्हनून लिवलंय. सही-शिक्का समदं केलंय.’

म्हणजे सरांचं म्हणणं तिने काल फोनवर सांगितलं, आणि वैजनाथने ते परस्पर इकडे कळवलं होतं. तिला न विचारता. सुकन्याला एकदम उन्हाची तिरीप डोळ्यात गेल्यासारखं झालं, पण काकासाहेबावर चिडण्यात काय अर्थ, तो बिचारा मदत करत होता. त्याच्या डोक्यावर, बरोबर डोक्यावर, फ्लेक्स होता. तिने वर बघितलं. त्यानेही बघितलं. कॅनडा येथे कायम झाल्याबद्दल.

‘काकासाहेब, हा फ्लेक्स पण तुमीच लावला होता ना?’

काकासाहेब लाजला नाही. उलट खुलून हसला. ‘त्यो बी प्रेमानंच, अन् ह्यो बी प्रेमानंच,’ तो म्हणाला.

खरंच होतं ते. हीच तर पंचाईत. माणसं प्रेमाने खोटं लिहून द्यायला बसलेली, आणि आपण खरं लिहिणार म्हणजे जणू सगळ्यांचं प्रेम लाथाडणार. दाखला तुमच्याकडेच ठेवा, तिने सांगितलं, लागणार नाही. त्याने का म्हणून विचारलं नाही. मोटारसायकलवर घरापर्यंत सोडलं, वाटेत सगळा वेळ पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिला.

वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती. दसरा झाला की टोळ्या निघून जातात. झुंबरबाईचे गुडघे गेल्यापासून ती जात नव्हती. ओसरीत पाय पसरून ती वेचलेल्या कापसातला पालापाचोळा काढत बसली होती. सुकन्या तिला आत्या म्हणायची. आत्याने चहा टाक म्हटलं, तिने टाकला, दोघींनी प्यायला, मग सुकन्या तिच्यासमोर मांडी घालून बसली, कापसाचा एक ढीग स्वतःकडे ओढला आणि सांगून टाकलं. मधेमधे थांबली नाही. परमिट संपलंय. कायम कधीच नव्हतं. तो तिथं चोरून राहतोय असं नाही, पण राहायचा हक्क त्याला नाही. आणि मी तिकडे जायचा अर्ज करतेय त्यात हे असंच लिहिणार आहे.

झुंबरबाईचे हात चालूच होते.

‘जेलात घालत्याल का त्याला?’

‘न्हाई. लई तर माघारी धाडत्याल.’

‘मंग येऊ दे की. हितं काय त्याला ताट न्हाई का,’ ती म्हणाली, आणि पुढचा कापूस उचलला. पेढे वाटले होते तिने, सगळ्या वाडीला. सुकन्याला वाटलं, आता रडेल, आता मला बोल लावेल, तू नीट बघितलं असतंस तर असं झालं नसतं म्हणेल, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे तिने घाटातच ठरवलं होतं. उत्तरं तिची सगळी तयार असायची. पण आत्या भलतीकडेच गेली.

सासऱ्यांची ती गोष्ट सुकन्याने लग्न झाल्यापासून ऐकली होती, घरात अभिमानाने सांगतात तशी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडी असली तरच पुरा कोयता, एकटं माणूस अर्धा. एका हंगामात सासरे तळावरून पळून गेले, सांगली की सातारा कुठेसे, बायकोला आणि लहानग्या वैजूला कोपीत, पाचटाच्या झोपडीत, सोडून. मुकादम आला आणि म्हणाला, झुंबरे, सांग की माझा त्याचा संबंध नाही, तुझी दुसऱ्याबरोबर जोडी लावतो, पुरा कोयता होईल. झुंबरबाई म्हणाली, तो पळालाय, पण नवरा माझाच आहे, मी अर्धीच तोडते. आणि हंगाम संपेपर्यंत अर्धा कोयता म्हणून एकटीने ऊस तोडला. गोष्ट इथे संपायची. सुकन्याने या गोष्टीचा मनातल्या मनात कितीदा आधार घेतला होता. सरांच्या ऑफिसातसुद्धा ती कुठेतरी पाठीशी होती. माझी सासू मुकादमाला खोटं बोलली नाही, मी कशाला बोलू.

‘पुढचं कुनाला सांगितलं न्हाई मी,’ झुंबरबाई म्हणाली. बोटांना चिकटलेला कापूस तिने पदराला पुसला. ‘त्यो आला की माघारी, हंगाम सरल्यावर चार-दोन म्हैन्यानी. दारात हुबा. अन् मला नको वाटला बग. वाईट न्हवता. पर मला अर्ध्याची सवं लागली हुती. माझं मी उठायची, माझी मी तोडायची, लेकराला घिऊन निजायची... मुकादमाला खरं सांगितलं ते मी नवऱ्यासाठी सांगितलं असं समदी म्हनत्यात. मलाबी तसंच वाटायचं.’

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. झुंबरबाईने डोळे बारीक करून सुनेकडे बघितलं, रागाने नाही, पण सोडणार नाही असं.

‘तू त्याच्याकडं चाललीस, का नुसती चाललीस?’

सुकन्याने तोंड उघडलं.

‘मला नगं सांगू,’ झुंबरबाई म्हणाली. ‘मला काय करायचंय.’ आणि तिने पुन्हा कापसात हात घातले.

वैजनाथला फोन लावला तेव्हा इकडे ऊन कलत होतं आणि तिकडे उजाडायचं होतं. तो रस्त्याच्या कडेला व्हॅनची वाट बघत उभा होता. श्वासाची वाफ मोबाईलच्या उजेडात दिसत होती, चेहरा नाही. तिने घराच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून सगळं क्रमाने सांगितलं. पासवर्ड घेतला, दाखला नाकारला, आईला सांगितलं. आता खरं लिहिणार आहे.

 आईला सांगितलं हे ऐकल्यावर त्याचं सगळं एकदम आलं – मला धरतील, तुझाही अर्ज बुडेल, मी काकासाहेबाला कशाला फोन केला असेन, तुझंच व्हावं म्हणून ना, विभक्त लिही, माझं जे व्हायचं ते होईल, तुझं तरी होऊ दे. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला त्याची कीव आली नाही, आणि कीव आली नाही याचं बरंही वाटलं, कारण कीव करण्यासारखा तो नव्हताच. विभक्त लिहिलं तर परत कधी माझा होणार नाहीस, तिने सांगितलं. पती भारतात लिहिलं तर दोघंही खोटे ठरू. खरं लिहिलं तर कदाचित नाही म्हणतील, पण मग जे म्हणायचं ते खऱ्या वैजनाथला म्हणतील. तू आधी तिथल्या एखाद्या खऱ्या वकिलाला भेट, त्या व्हॅनवाल्याला नाही. तिचा आवाज वॉर्डातल्यासारखा ठाम होता. तिलाच तो आवडत होता.

‘लिही,’ शेवटी वैजनाथ म्हणाला. ‘जे हाय ते लिही.’ आणि मग, ‘बरं वाटलं गं. रोज आईला काय सांगायचं याचीच भीती असायची. आता ती तरी गेली.’

तो हसला. आणि ते हसणं... तेच होतं, खोलीतलं, न बोलणाऱ्या माणसाचं.  त्याने विचारलं, तू आलीस की आपण कुठे राहायचं, इथे या पोरांच्यात नको, तुझ्या दवाखान्याजवळ बघू ना खोली? तेवढ्यात व्हॅन आली, दिव्याच्या झोतात त्याचा चेहरा क्षणभर दिसला, वाळलेला, कानटोपी घातलेला, उत्तराची वाट बघणारा, आणि तो ‘चल, बोलू मग’ म्हणाला.

बोलू मग.

तिने अर्ज तिथेच उघडला. रेंज बरी होती. जोडीदाराचं नाव. जोडीदाराचा देश – कॅनडा. सद्यस्थिती. दिलेल्या शब्दांत बसणारा एकही शब्द नव्हता, म्हणून तिने ‘इतर’ निवडलं आणि खालच्या चौकटीत साध्या इंग्रजीत लिहिलं: परमिट संपलेलं आहे, तो अजून तिथेच आहे, नव्या परमिटसाठी त्याने एका माणसावर भरवसा ठेवला होता, तो अर्ज झालाच नाही. वाचलं. एक शब्द खोडला. पुन्हा वाचलं.  सुई शिरेत पहिल्याच खेपेला जावी तसं सगळं सरळ गेलं. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं आणि ती कुठेच नव्हती. ज्यांना नाकारायचं त्यांनी नाकारावं. इथेही आयसीयू आहेच की. मी काही कुणाच्या दारात उभी नाही.

पान पुढे सरकलं. त्याच जोडीदाराबद्दलचा शेवटचा प्रश्न होता: तो तुमच्यासोबत येणार आहे का? होय. नाही.

तिला आधी हसू आलं. तो तिथेच आहे रे बाबांनो, सोबत कुठून येणार, मीच येतेय त्याच्या... आणि तिथे वाक्य थांबलं. त्याच्याकडे, हा शब्द पुढे ठेवलेला होता, फक्त उचलायचा होता. तिने तो उचलून बघितला. मग आत्याचा दुसराही बघितला, नुसती. सावेडीची खोली दिसली, मग एक न बघितलेली खोली दिसली, दवाखान्याजवळची, खिडकीत बर्फ, आणि त्या खोलीत रात्रपाळीहून येऊन ती पंखा नसलेल्या छताकडे बघत आडवी पडली होती – एकटी. ती एकटी होती आणि वाईट दिसत नव्हती. शेजारच्या मोरीत बादली भरल्याचा आवाज येतोय का, म्हणून तिने कान दिला, मनापासून दिला. आला असं वाटलं, मग नाही वाटलं.

ओसरीवरून आत्याने हाक मारली, दिवे लागले, आत ये. आले, सुकन्या म्हणाली, आणि उठली नाही. वैजनाथचं खरं लिहून झालं होतं, ते सोपं होतं, इतकं सोपं की सकाळपासूनची आपली ऐट आठवून तिला ओशाळल्यासारखं झालं. सद्यस्थिती त्याचीच विचारली होती ना सगळ्यांनी, सरांनी, सरकारने, आणि मीही दिवसभर त्याचीच सांगत फिरले. माझी कुणी विचारली नव्हती, एका बाईशिवाय. आता होय किंवा नाही, यातलं जे खरं असेल ते मला लिहायचं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.